पेंड्र्याचं मासिक

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या घरी मराठीच बोलतात; लिहायची वेळ आली की हात हिंदीकडे वळतो. मी जन्मभर हिंदी शिकवली, हिंदी मासिकांना कथा धाडल्या. आपला पत्ता घालून, तिकीट लावलेला लिफाफा सोबत जोडायचा आणि पोस्टमनची वाट बघायची. त्यामुळे मराठी घरातले हिंदी लेखक माधवराव सप्रे मला घरातल्या वडीलधाऱ्यासारखे वाटतात.

दमोह जिल्ह्यातल्या पथरियाला १८७१ साली एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. छत्तीसगढमधल्या पेंड्र्यात ते तिथल्या राजकुमाराचे शिक्षक होते. जानेवारी १९०० मध्ये तिथूनच त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे सोबतीला होते, तेही मराठीच. पैशाच्या ओढाताणीत मासिक जेमतेम तीन वर्षं चाललं.

या मासिकात १९०१ साली सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. तिला हिंदीतली पहिली कथा मानणारे अभ्यासक आहेत; तो वाद त्यांनी खुशाल घालावा. मला मोल आहे ते तिच्या भाषेचं. जमीनदाराला वाड्याचं आवार वाढवायचंय, म्हणून वकिलांचे खिसे भरून तो विधवा म्हातारीची झोपडी बळकावतो. नात जेवेना, तेव्हा चुलीसाठी म्हातारी तिथलीच टोपलीभर माती मागायला येते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. एका टोपलीचं हे ओझं, तर सगळ्या जमिनीचं जन्मभर कसं पेलणार, असं ती विचारते. एवढीच कथा, दोनेक पानांची. वाक्यं आखूड, शब्द रोजचे. संस्कृतचा फुलोरा नाही की फारसीचा डौल नाही.

मराठी माणसाला हे सहज साधत नाही. आपलं नपुंसकलिंग हिंदीत नाहीच; घर तिथे पुल्लिंगी आणि पुस्तक स्त्रीलिंगी. दर वाक्याला क्रियापद जपावं लागतं. अशा वेळी पुष्कळजण जड तत्सम शब्दांच्या आडोशाला जातात, कारण ते दोन्हीकडे सारखेच असतात. सप्र्यांना तर तो आडोसा हाताशीच होता. ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणणारा माणूस तो. तरीही म्हातारीची गोष्ट त्यांनी म्हातारीला कळेल अशी लिहिली. त्यांची साधी हिंदी शब्दांच्या तुटवड्यातून आली नव्हती, ती त्यांनी निवडली होती, असं माझं ठाम मत आहे.

पुढे १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९२६ मध्ये रायपुरातच वारले. हिंदी अभ्यासक्रमांत ही कथा आजही असते, पण मराठी वाचकांपैकी फार थोड्यांनी ती वाचलेली मला आढळली. इंदूर, जबलपूर, रायपूरकडची आपली मुलं आज हिंदीत लिहितात. पहिली कथा मासिकाला पाठवण्याआधी त्यांनी ही दोन पानं जरूर वाचावीत.