बाळसं आणि चरबीच्या पेशी

मूल गुटगुटीत असलं की आपल्याला कौतुक! पण चरबी म्हणजे नुसतं कोठार नव्हे. तिच्या पेशी लेप्टिन हे हार्मोन सोडून 'साठा पुरेसा आहे' असा निरोप मेंदूला देतात. लठ्ठपणात लेप्टिन भरपूर असूनही मेंदू तो नीट ऐकत नाही. स्वीडनमधल्या २००८ च्या संशोधनानुसार या पेशींची संख्या बालपणी आणि किशोरवयातच ठरते. पुढे वजन उतरलं तरी पेशी आकसतात, संख्या तेवढीच राहते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना तिथल्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. म्हणून इथल्या तक्त्यात वजन 'नॉर्मल' असलं तरी मुलांच्या कमरेच्या घेराकडे लक्ष ठेवा. उपाशी ठेवू नका. रोज तासभर खेळायला पाठवा.