सामाईक आणि सम : ‘साम्यवाद’ या संज्ञेची मराठी घडण

‘कम्युनिझम’ या संज्ञेला मराठीत ‘साम्यवाद’ हा प्रतिशब्द रूढ झाला आणि तो इतका अंगवळणी पडला, की मूळ संज्ञा व प्रतिशब्द यांच्या अर्थांत अंतर आहे याची जाणीव आपल्या वैचारिक लेखनात क्वचितच आढळते. मूळ संज्ञा लॅटिनमधील ‘कम्युनिस’ या विशेषणावरून आली; त्याचा अर्थ ‘सामाईक’. ‘साम्य’ हे ‘सम’पासून सिद्ध झालेले रूप. पहिला शब्द मालकीविषयी बोलतो, दुसरा दर्जाविषयी. वाशीमकडच्या शेतकऱ्याला पहिला शब्द समजण्यासाठी कोश उघडावा लागत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर विहिरीच्या नोंदीपुढे ‘सामाईक’ असे लिहिलेले त्याने पाहिलेले असते. असा रोकडा शब्द हाताशी असताना मराठीने तो का घेतला नाही, हा प्रश्न केवळ भाषांतराचा नाही.

युरोपातही हे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेलेच होते. बाब्यफचा १७९६चा कट ‘समांचा कट’ म्हणून ओळखला गेला. १८४०च्या सुमारास फ्रान्समध्ये काबे प्रभृतींच्या लेखनामुळे ही संज्ञा प्रचारात आली, तेव्हा तिचा रोख सामाईक मालमत्तेकडे होता. १८४८च्या जाहीरनाम्यासाठी ‘समाजवादी’ हे विशेषण का टाळले, याचा खुलासा एंगेल्सने १८८८च्या प्रस्तावनेत केला आहे : समाजवाद ही तेव्हा मध्यमवर्गाची चळवळ होती, कम्युनिझम ही कामगारांची. पुढे १८७५मध्ये गोथा कार्यक्रमाची चिकित्सा करताना मार्क्सने समान हक्काच्या कल्पनेलाच मर्यादा दाखविली. असमान माणसांना एकच माप लावणारा हक्क विषमताच निर्माण करतो, असे त्याचे म्हणणे होते. या दृष्टीने ‘साम्यवाद’ हा प्रतिशब्द मार्क्सच्या विचारावर काहीसा अन्यायच करतो.

परंतु एवढ्यावर निकाल देता येत नाही. मे १८५३मध्ये निजामाशी झालेल्या तहाने वऱ्हाड, आणि त्यातच वाशीम, कंपनीच्या कारभाराखाली गेले. त्याच उन्हाळ्यात मार्क्स लंडनहून ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’साठी हिंदुस्थानविषयीचे लेख लिहीत होता. कापूस कमी खर्चात बाहेर नेता यावा म्हणून इंग्रज गिरणीवाल्यांना इथे रेल्वे हवी आहे, हे त्याने ओळखले होते. पुण्यात माणसे भुकेने मरत असताना तिथला धान्याचा भाव खानदेशातल्या भावाच्या आठ-दहा पट होता आणि कच्च्या रस्त्यांमुळे खानदेशचे धान्य पुण्याला पोहोचत नव्हते, ही नोंदही त्याने एका संसदीय समितीच्या आधारे दिली आहे.

‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात (१८६७) तो हिंदी ग्रामसमूहाचे वर्णन करतो. त्यात पाटील-कुलकर्ण्यांसारखे अधिकारी आहेत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट आहेत. शिवेची राखण करणारा आहे आणि वाटसरूला पुढच्या गावापर्यंत पोहोचविणाराही आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) वाचलेल्या मराठी वाचकाला शेवटची दोन कामे पाहताच महाराची आठवण होईल. मार्क्सच्या यादीत काम आहे. ते करणारा माणूस गावकुसाबाहेर राहतो, हे मात्र तिथे येत नाही. जातिभेदाने हे समूह कलंकित झाले आहेत, असे त्याने १८५३मध्ये लिहिले होते हे खरे. ‘कॅपिटल’मध्ये त्याचा सगळा भर श्रमविभागणीवर पडला.

गावची विहीर सामाईक होती, पण महाराला तिथे पाणी मिळत नव्हते. महाडचे चवदार तळे कायद्याने सार्वजनिक ठरल्यावरही त्यासाठी १९२७चा सत्याग्रह करावा लागला. ‘सामाईक’ या शब्दाने ज्यांना वगळले होते त्यांच्यापुढे तोच शब्द मुक्तीचे नाव म्हणून ठेवणे अवघड होते. (संतांना साम्यवादाचे पूर्वज ठरविण्याचा उत्साह अधूनमधून दिसतो, तो इथे उपयोगाचा नाही; संतांची समता देवाच्या दारातली, शेताच्या बांधाला तिने हात लावला नाही.)

वऱ्हाडासारख्या मुलखातला कापूस ज्या मुंबईत जाई, तिथेही हेच दिसते. गिरण्यांच्या विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, आणि तिथेच अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, म्हणून इतर कामगारांचा विटाळास विरोध होता. १९२८च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. त्याच वर्षी गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. १९३१मध्ये गंगाधर अधिकारी यांनी केलेला जाहीरनाम्याचा मराठी अनुवाद आला, तेव्हा ते मीरत खटल्यातील आरोपी होते. जात ही श्रमाचीच नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे आंबेडकरांचे १९३६चे प्रतिपादन विणकाम खात्याच्या दारात उभे राहून वाचले, तर त्यात अमूर्त असे काही उरत नाही. मराठीत ‘सम’ हा शब्द ‘सामाईक’च्या आधी का यावा लागला, याचे उत्तर त्या दारात आहे.

तरीही ‘सामाईक’चा प्रश्न मागे उरलाच. वऱ्हाडात इंग्रजी मोजणीनंतर जमीन खातेदाराच्या नावे लागली आणि गावाच्या मालकीचे म्हणून मुख्यतः गायरान राहिले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९मध्ये आणि पुन्हा १९६४मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. त्यांची मागणी पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला मिळावी, ही होती. संज्ञेच्या काटेकोर अर्थाने ही मागणी साम्यवादाच्या उलट दिशेची ठरते, कारण ती सर्वांच्या मालकीचे एकेकाच्या नावे मागत होती. पण ज्या सातबारावर पिढ्यान्‌पिढ्या आपले नाव कधी आलेच नाही, तिथे ते आधी लागावे, असे भूमिहीनाला वाटत होते.