सरवणा भवन

चेन्नईतील शाकाहारी उपाहारगृहांची साखळी. किराणा व्यापारी पी. राजगोपाल यांनी 1981 मध्ये के. के. नगर भागात पहिले उपाहारगृह काढले. खोबरेल तेल आणि चांगल्या प्रतीची भाजी वापरायची, पण दर कमीच ठेवायचे, हा हट्ट आरंभी तोट्याचा ठरला. नंतर त्यावरच नाव झाले. सांबारात बुडवलेल्या 14 छोट्या इडल्या आणि फिल्टर कॉफी ही येथील ओळख. 2000 मध्ये दुबईत, पुढे लंडन, न्यूयॉर्क, पॅरिसमध्ये शाखा निघाल्या. कामगारांच्या सोयींसाठी वाखाणले गेलेले राजगोपाल 2001 मधील एका खुनाच्या खटल्यात दोषी ठरले. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्यांची जन्मठेप कायम केली. त्याच वर्षी जुलैत ते वारले. गिऱ्हाइकांची गर्दी मात्र खटल्याच्या काळातही हटली नव्हती.