पळसाला पाने तीनच?

‘पळसाला पाने तीनच’ असे आपण सहज म्हणून जातो. झाड ओळखण्याचा हा आपल्या पूर्वजांचा पहिला धडा. पण तो अपुरा आहे. आमच्या वसईच्या कुंपणांतील पांगाऱ्यालाही पाने तीनच! दोघेही उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने टाकून लाल-केशरी फुलांनी पेटतात. मग निवाडा करायचा कोणी? फळाने. पळसाची शेंग चपटी, टोकाशी एकच बी धरणारी. पांगाऱ्याची मात्र मण्यांच्या माळेसारखी.

किनाऱ्यावरचा भेंड याहून बिलंदर. पान थेट पिंपळाचे, म्हणून त्याला पारसपिंपळ हेही नाव मिळाले. पण पिंपळाचे फूल फळाच्याच पोटात लपलेले असते. भेंडाचे पिवळे फूल उघड्यावर फुलते आणि मावळतीला लालसर होते.

पान, फूल व फळ यांची अशी तिहेरी साक्ष घेणारा एक थोर ग्रंथ, वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता त्याच काळात, याच किनाऱ्यावर दक्षिणेस कोचीला सिद्ध झाला. डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला १२ खंडांत छापला गेला. त्यातील ज्ञान मात्र येथल्या मातीचे होते: मळयाळी वैद्य इट्टी अच्युतन आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य यांचे. या तिघांची १६७५ ची साक्ष पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेली आहे. पुढे १७५३ साली लिनीयसने वनस्पतींना दोनपदी लॅटिन नावे दिली, तेव्हा हा ग्रंथ त्याच्या हाताशी होता.

माझ्या वर्गातली मुले १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली हे घडाघडा सांगतात. पण किल्ल्याच्या वाटेवरचे झाड दाखवले, की ‘सर, झाड!’ एवढेच उत्तर येते. हसू येते आणि धास्तीही वाटते. आज रस्ते रुंद होत आहेत, वाड्यांच्या जागी इमारती उठत आहेत. ओळखीच्या झाडासाठी कोणी तरी मध्ये पडतो. बेनाव झाड निमूटपणे कुऱ्हाडीखाली जाते.

तेव्हा या सुटीत मुलांना घेऊन एखाद्या झाडापाशी जा. पान पाहा, फुलाची वाट पाहा, फळ हाती येईपर्यंत निकाल देऊ नका. आजी सांगेल ते नाव वहीत लिहून ठेवा. रंगभटांनी तरी याहून निराळे काय केले होते?