रबर बँड, चुंबक आणि कुलाब्यातली थंडी

हा भाग मी डोंबिवलीत, घरी, पंखा बंद करून रेकॉर्ड करतोय. माइकमध्ये घरघर येते ना. घामाच्या धारा लागल्यात आणि विषय आहे थंडीचा.

आधी एक करून बघा. रुंद रबर बँड झटकन ताणा, ओठाला लावा. कोमट लागेल. तसाच ताणून थोडं थांबा, मग सैल सोडा आणि परत लावा. गार! ताणल्यावर रबरातल्या लांब साखळ्या एका दिशेला येतात, उष्णता बाहेर पडते. सोडल्यावर त्या पुन्हा विस्कटतात आणि रबर गार पडतं.

हेच चुंबकाने करता येईल, असं १९२६ च्या सुमारास पीटर डिबाय आणि विल्यम जिओक या दोघांनी स्वतंत्रपणे सुचवलं. चुंबकीय क्षेत्र लावलं की अणूंमधली इवली चुंबकं रांगेत येतात, पदार्थ तापतो. ती उष्णता द्रव हेलियमला देऊन टाकायची, मग पदार्थ एकटा पाडायचा आणि क्षेत्र उतरवायचं. रांग मोडते, पदार्थ गारठतो. १९३३ मध्ये जिओक आणि मॅकडूगल यांनी कॅलिफोर्नियात गॅडोलिनियमच्या क्षारावर ते करून दाखवलं. निरपेक्ष शून्य म्हणजे उणे २७३.१५ सेल्सिअस, ते त्याच्या वर फक्त पाव अंशापर्यंत पोचले.

आता आपल्याकडे या. फास्ट लोकलने सीएसएमटी, तिथून बसने नेव्ही नगर. तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, याच युक्तीचं पुढचं रूप वापरलं जातं. तिथे रांगेत येतात ती तांब्याच्या अणुकेंद्रांची चुंबकं. ती फारच दुबळी असतात, म्हणूनच त्यांच्या जोरावर आणखी खाली जाता येतं.

एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी तिथे बिस्मथचे शुद्ध स्फटिक थंड केले. निरपेक्ष शून्याच्या वर ०.०००५३ अंशाच्या खाली बिस्मथ अतिवाहक झालं! डिसेंबर २०१६ मध्ये ‘सायन्स’ने हे छापलं. आपल्याकडे याचा जेवढा गाजावाजा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, असं मला तरी वाटतं.

कारण प्रकरण साधं नाही. अतिवाहकतेचा गाजलेला सिद्धांत १९५७ चा, इलेक्ट्रॉनच्या जोड्यांवर उभा. बिस्मथमध्ये मोकळे इलेक्ट्रॉनच नगण्य, साधारण एक लाख अणूंमागे एक. जोड्या जमणार कुणाच्या? त्या सिद्धांताच्या नेहमीच्या गणितात हे बसत नाही.

आणि गंमत ऐका. इतकं थंड करायला प्रचंड चुंबक लागतो, पण ही अतिवाहकता सुमारे ५ मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रातच मोडते. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र मुंबईत ४० च्या आसपास. म्हणजे चुंबकाने गारठवायचं आणि मग तोच स्फटिक चुंबकाच्याच काय, पृथ्वीच्याही नजरेआड ठेवायचा.

चला, मी पंखा लावतो. रबर बँडचं काय झालं ते कळवा.