ब्रुनोची गोगलगाय : कोर्टकचेऱ्यांतून टिकलेले संरक्षण

अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील ओवायही परगण्यात ब्रुनो नदी आणि तिला मिळणारा हॉट क्रीक हा ओढा यांच्या काठी गरम पाण्याचे झरे आहेत. अवघ्या काही मिलिमीटर आकाराची ब्रुनो उष्णझरा गोगलगाय (शास्त्रीय नाव पिर्गुलॉप्सिस ब्रुनोएन्सिस) जगात केवळ या झऱ्यांतच आढळते. ओल्या खडकांवरील शेवाळ हे तिचे अन्न आणि साधारण वर्षभर हे तिचे आयुष्य. सुमारे ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचे पाणी तिला मानवते. मात्र झरा आटला की तिला दुसरीकडे जाण्यास जागा नाही.

झरे आटण्याचे कारण जमिनीखाली आहे. ज्या उष्ण भूजलसाठ्यातून ते वाहतात, त्याच साठ्यातून परिसरातील शेतकरी विहिरींद्वारे सिंचनासाठी पाणी उपसतात. उपसा वाढला, पातळी खालावली. 'इंडियन बाथटब' या नावाने ओळखला जाणारा हॉट क्रीकचा उगमही त्यातून सुटला नाही. भरीस भर म्हणजे ओढ्यात बाहेरून आणून सोडलेले तिलापिया आणि गप्पी मासे.

१९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली या गोगलगायीला संरक्षण देण्याचा प्रस्ताव १९८५ मध्ये मांडण्यात आला. तिचे रीतसर शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले ते त्यानंतर, १९९० मध्ये! कायद्यानुसार एका वर्षात व्हावयाचा निर्णय, पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेल्यानंतर, जानेवारी १९९३ मध्ये झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आयडाहोतील संघीय न्यायालयाने तो रद्दबातल ठरविला. भूजलाविषयीचा जो सरकारी अहवाल निर्णयाचा आधार होता, तो जनतेला अभिप्रायासाठी उपलब्धच करून दिला नव्हता, ही शेतकरी संघटनेची तक्रार होती आणि ती रास्तच म्हणावी लागेल.

अपील न्यायालयाने १९९५ मध्ये ही चूक मान्य केली. पण ती दुरुस्त होईपर्यंत संरक्षण काढून घेण्यास नकार दिला. दरम्यान प्रजातीच नष्ट झाली तर चूक सुधारून उपयोग काय, असा त्यामागील विचार. मुदत उलटली म्हणून सरकारचा अधिकार संपत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. अहवालावर हरकती मागविल्यानंतर १९९८ मध्ये यादीतील नोंद कायम करण्यात आली.

पुनरुज्जीवन आराखडा आला २००२ मध्ये. भूजलाची पातळी वाढून स्थिरावणे आणि झऱ्यांत गोगलगायींची संख्या टिकणे, यावर त्याचा भर आहे. खरी अडचण येथेच आहे. असा आराखडा मार्गदर्शक असतो, कोणावर बंधनकारक नसतो. पाण्याचे हक्क ठरविण्याचा अधिकार राज्याचा आहे आणि तेथे ज्याचा हक्क जुना, त्याला पाणी आधी. कायद्याचे थेट बंधन संघीय खात्यांवर आहे. त्यांनी दिलेल्या परवान्याने किंवा निधीने प्रजातीचे अस्तित्व धोक्यात येणार नाही, याची खातरजमा त्यांना करावी लागते. खासगी विहिरीवरचा पंप किती तास चालवायचा, हे मात्र आराखडा सांगू शकत नाही. ही गोगलगाय अद्याप संकटग्रस्तांच्या यादीतच आहे.