स्वरयंत्राच्या कर्करोगाची चिकित्सा : यशाच्या बदलत्या कसोट्या

रोगचिकित्सेचा इतिहास बहुधा अखंड प्रगतीचा वृत्तान्त म्हणून लिहिला जातो. स्वरयंत्राच्या कर्करोगाचा इतिहास मात्र तसा सरळ वाचता येत नाही. येथे उपचार तर बदललेच. पण ज्या कसोटीवर त्यांचे यश जोखावयाचे, ती कसोटीही बदलत गेली.

पहिली कसोटी रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचतो की नाही, एवढीच होती. ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्ना येथे बिलरोथ यांनी कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. त्यांचे सहकारी गुसेनबाउअर यांनी रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्रही तयार केले; परंतु रोग उलटून काही महिन्यांतच रुग्ण दगावला. त्या काळी लाळ व अन्न फुप्फुसात उतरून होणारा न्यूमोनिया अनेकांचा बळी घेई. पुढे बर्लिनच्या ग्लुक यांनी श्वासनलिका घशापासून अलग करून तिचे तोंड मानेच्या त्वचेला शिवण्याची पद्धती रूढ केली, तेव्हा हा धोका पुष्कळ कमी झाला.

शस्त्रक्रियेची ही धास्ती राजवाड्यापर्यंत पोहोचली होती. १८८७ मध्ये जर्मन युवराज फ्रीडरिख यांच्या घशातील गाठीविषयी वैद्यांत तीव्र मतभेद झाले. फिर्खो यांना तपासलेल्या तुकड्यांत कर्करोग आढळला नाही, म्हणून शस्त्रक्रिया टळली. नोव्हेंबरात निदान निश्चित झाले, तेव्हा युवराजांनी स्वरयंत्र काढून घेण्यास नकार दिला. सम्राटपदावर अवघे ९९ दिवस राहून १५ जून १८८८ रोजी ते निवर्तले.

दुसरी कसोटी रोगमुक्तीची. १९२० नंतर पॅरिसमध्ये कूतार यांनी क्ष-किरणांची मात्रा अनेक दिवसांत विभागून दिली, आणि शस्त्राविनाही हा रोग बरा होऊ शकतो हे दाखविले. येथूनच वाणी राखण्याची आशा, म्हणजे तिसरी कसोटी, उदयास आली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत वाढलेल्या अवस्थेतील ३३२ रुग्ण होते. शस्त्रक्रिया व किरणोपचार घेतलेले आणि आधी औषधे व मग किरण घेतलेले, अशा दोन्ही गटांत दोन वर्षांनी ६८ टक्के रुग्ण हयात होते. दुसऱ्या गटातील ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्रही शाबूत राहिले. २००३ मधील चाचणीत औषध व किरण एकाच वेळी दिलेल्या गटात हे प्रमाण ८८ टक्क्यांवर गेले.

तथापि २००६ मध्ये हॉफमन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील दीड लाखाहून अधिक नोंदी तपासल्या, तेव्हा निराळेच चित्र दिसले. शस्त्रक्रियेचे प्रमाण घटत असतानाच या रोगातील जीवितमान उंचावण्याऐवजी खालावले होते. या दोहोंत कार्यकारणसंबंध आहे काय, हा वाद्य प्रश्न आहे. चाचणीतील निवडक रुग्ण व दक्ष देखरेख सर्वत्र लाभत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. शिवाय स्वरयंत्र जागेवर राहिले म्हणजे गिळणे व बोलणे सुरक्षित राहिलेच, असे नव्हे. उलट १९८० च्या सुमारास सिंगर व ब्लोम यांनी प्रचारात आणलेल्या झडपेमुळे स्वरयंत्र गमावलेल्यांनाही बोलता येऊ लागले.

म्हणून कोणत्याही काळातील ‘यशस्वी उपचार’ या नोंदीपाशी अभ्यासकाने थांबून पहिला प्रश्न विचारावा : हे यश कशाचे – आयुष्याचे, अवयवाचे, की वाणीचे?